नीलाक्कांचा वरचा मजला

निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना माझी नांदेडहून लातूरला बदली झाली. पत्नी राजकन्या नांदेडलाच राहिली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. दर शनिवारी पहाटेची गाडी गाठायची, तर घर स्टेशनजवळच हवं होतं. त्या वेळी ऑटो मिळेलच याचा भरवसा नाही.

पण स्टेशनजवळच्या प्रत्येक दारात एकच प्रश्न. "फॅमिली हाय का?" बायको नांदेडला आहे म्हटलं की दार बंद. सत्तावन्नाव्या वर्षी लोकांनी आपल्याला सडाफटिंग समजावं याचं मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं.

शेवटी ऑफिसातले शेषेराव मला नीलाक्कांकडे घेऊन गेले. नीलाक्का मूळच्या लातूरजवळच्या मुरुडच्या. नवरा आडतीवर मुनीम होता. तो गेल्यावर त्यांनी शिकवणीच्या पोरांसाठी खानावळ काढली आणि भाकऱ्या थापून थापून घरावर मजला चढवला. तोच आता भाड्याने द्यायचा होता. पोरं त्यांना इतकी भीत, की ताटात कुणी कढीपत्ताही ठेवत नसे.

आक्का ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी घरून तयारी करून आलो होतो. निर्व्यसनी आहे, शाकाहारी आहे, रात्री दहाला झोपतो, टीव्ही हळू लावतो, असं सगळं क्रमवार सांगितलं. शेषेरावांनी मान डोलावून साक्ष दिली.

"झालं?" आक्का म्हणाल्या. "तुमच्या चालचलणुकीचं मला काय लोणचं घालायचंय? आठ-आठ दिसांनी नळ येतो. तुम्ही हापिसात. वरचं पाणी भरणार कोण?"

म्हणजे फॅमिली हवी ती पाणी भरायला! माझ्या चारित्र्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

इतक्यात गल्लीत ओरडा झाला, "नळ आला!" आक्का शेंगा टाकून उठल्या. मीही उठलो, अशी संधी पुन्हा कुठून येणार? सर्वांत महत्त्वाचं काम आधी, हा माझा उभ्या नोकरीचा नियम. म्हणून मी पिण्याच्या घागरी आधी भरल्या, गाळून, झाकणं लावून, एका ओळीत.

आक्कांनी एक झाकण उचललं. आत चहाच्या रंगाचं पाणी.

"अहो सायब, पयल्या धारेचं पाणी पितेत का कुणी? ते सडा-सारवणाला. मग हौद. पिण्याचं समद्यात शेवटी. नांदेडला गोदावरी पिऊन राहिले म्हणून लाडावले तुम्ही."

शेषेराव भिंतीकडे तोंड करून हसत होते. मी घागरी रित्या करून, धुऊन पुन्हा भरल्या. कडक इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

"ऱ्हा," आक्का अखेर म्हणाल्या. "शिकाल हळूहळू. पण एक सांगते, नळ आला की हापिसातून यायचं, आन् नळाच्या दिशी गावाला जायचं न्हाई. शनवार असो का दिवाळी."

मी लगेच हो म्हणालो. ओल्या पँटीतच राजकन्येला फोन लावला. "घर मिळालं! स्टेशनपासून अगदी पाच मिनिटांवर."

अट ऐकून ती म्हणाली, "आन् नळ कोणत्या वाराला येतो?"

"वार ठरलेला नाही. मधे आठ दिवस जातात, म्हणजे दर खेपेला एक वार पुढे. आज शुक्रवारी आला."

"म्हणजे फुडल्या खेपेला शनवारीच की! मग स्टेशन जवळ असून काय उपेग?"

मी म्हणालो, "गाडीचा आवाज ऐकू येतो."