तांबडा झेंडा आणि प्रभुभोजन

कम्युनिस्टांविषयी भोरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीने केलेला ठराव माझ्या अक्षरात आहे. अक्षर वळणदार म्हणून पंचांच्या सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्यासारख्या अबोल शिक्षिकेकडे आले होते.

प्रश्न आमच्या म्हाताऱ्या बायबलबाईंचा होता. वेल्ह्याच्या खेड्यांत पायी फिरून शुभवर्तमान सांगण्यात त्यांचा जन्म गेला. दुष्काळात त्या खडी फोडायला गेल्या आणि मजुरी अडली तेव्हा लाल बावट्याच्या मोर्चाबरोबर कचेरीवर चालून गेल्या. सभेच्या आदल्या दुपारी त्या माझ्याकडे आल्या. "ईस्टरचं प्रभुभोजन तेवढं तोडू नका म्हनावं. दुसरं काय मागत न्हाई." मी बोलेन, असा शब्द मी त्यांना दिला.

सभेत थोरल्या पंचांनी विचारले, "मावशी, देव न मानणाऱ्यांच्या मागं चाललात?"

"मागं न्हाई, म्होरं हुते. तुमच्यातलं कुनी आलं असतं, तर तुमच्या मागं चालले असते."

कोणी तरी हसले. थोरले पंच हसले नाहीत. "रशियात देवळांना कुलपं घातली त्यांनी. लेखी पश्चात्ताप द्या."

"कशाचा? मजुरी मागितल्याचा?"

त्यांना बाहेर बसवून वाद सुरू झाला. गरिबांची बाजू घेणे हेही ख्रिस्ताचेच काम, असे दोघे म्हणाले. निरीश्वरवाद्यांशी संगत नको, असे दुसरे दोघे. पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुमचं मत?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. वाक्ये मी मनात जुळवून ठेवली होती. "मंडळी ठरवील ते," एवढेच मी म्हणाले. थोरल्या पंचांनी ते आपल्या बाजूने धरले आणि मी धरू दिले. मग पश्चात्ताप देईपर्यंत प्रभुभोजन बंद, असे मी शुद्ध भाषेत लिहिले.

ईस्टरला त्या नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी येऊन बसल्या. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट बाकावरून हातोहात पुढे जाते. जिला द्यायचे नाही तिला चुकवणे शेजारणीवरच येते. ताट माझ्या हाती आले तेव्हा त्यांनी ओंजळ पुढे केली होती. मी ते त्यांच्या ओंजळीवरून पलीकडच्या बाईकडे नेले.

"दमानं, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ताट कलतंय तुजं. सांडशील."

मी काही सांडले नाही.