हिम्मतरावांची मारुती

खुल्या अर्थव्यवस्थेने देशाला काय दिले ते पंडित सांगतील. हैदराबादेतल्या विद्यानगरच्या हिम्मतरावांना तिने मारुती दिली, कर्जाची का होईना. तोवर कोठी भागातल्या कचेरीत ते सिटी बसच्या मागच्या पायरीवर लोंबकळत जात. बायकांनी पुढच्या दाराने चढून बसायचे आणि पुरुषांनी मागे जमेल तसे जगायचे, असा तिथला रिवाज. त्या पायरीवर शेजारच्या टेबलाचे एकनाथराव रोज त्यांच्या बुटावर पाय देत आणि वर विचारत, "सरका की, बापाची बस आहे का?" या माणसाने आपल्याला एकदा मोटारीत बसलेले बघावे, एवढ्यासाठी हिम्मतरावांनी घरातल्या सगळ्यांचे न ऐकता गाडी घेतली.

पहिल्या दिवशी पत्नी इंदुताईंना हिमायतनगरच्या शाळेत सोडायचे होते; त्या तिथे शिकवत. वाटेत थांब्यावरच्या गर्दीत एकनाथराव दिसले. हिम्मतरावांनी गाडी थांबवली, काच सावकाश खाली केली आणि म्हणाले, "या ना, सोडतो."

आता जुन्या हैदराबादी घरांत असे बोलावणे नाकारण्यासाठीच असते. समोरच्याने "नको, तकल्लुफ कशाला" म्हणायचे, आपण पुन्हा आग्रह करायचा आणि दोघांनी आपापली अब्रू सांभाळून पांगायचे. एकनाथराव मात्र पहिल्याच हाकेला दार उघडून आत बसले आणि बाहेर तोंड काढून थांब्यावरच्या कचेरीतल्या आणखी दोघांना उद्देशून ओरडले, "किशोर, कुलदीप, आ जाओ रे, जगा है."

झाले. रोज बस सोडून मंडळी मारुतीची वाट बघू लागली. उशीर झाला की जाब विचारू लागली. मागे बसून गुदमरते, असे सांगून एकनाथरावांनी आठवड्याभरात पुढच्या जागेवर हक्क सांगितला. नाही म्हणायची हिंमत हिम्मतरावांच्या खानदानात कुणालाच झाली नव्हती. त्यांनी बायकोकडे बघून कसनुसे हसून घेतले. इंदुताईंच्या मनात संताप मावेना. त्या उतरल्या आणि मागून आलेल्या बसमध्ये चढल्या.

नारायणगुड्याच्या सिग्नलला बस आणि मारुती शेजारी शेजारी येऊन थांबल्या. इंदुताई खिडकीशी ऐसपैस बसल्या होत्या. खाली मारुतीत एकनाथरावांचा गुडघा गिअरला अडत होता आणि मागे इंदुताईंच्या जागी थांब्यावरचा आणखी एक घुसल्याने तिघे जण कोपरांवरून भांडत होते. हिम्मतरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. निदान बायकोने तरी एकदा बघावे म्हणून त्यांनी हॉर्न वाजवला, हात हलवला.

"कौन है जी वो, हात हिला रा?" इंदुताईंच्या शेजारी बसलेल्या बाईने विचारले.

इंदुताईंनी खाली वाकून नीट निरखले.

"मालूम नै जी," त्या म्हणाल्या. "सवारी ढूंढ रा होंगा."