जापारकुलच्या नावातला ‘द’

आमचा शेजारी कालमात हा तालुक्याच्या वर्तमानपत्रात तीस वर्षं मुद्रितं तपासायचा. निवृत्त झाला, पण खोड गेली नाही. आमच्या किरगिझ भाषेत घर आणि गाय या शब्दांत एका अक्षराच्या शेपटीचा फरक. कुणी फाटकावर ‘घर विकणे आहे’ लिहिताना शेपूट चुकवली, की हा दार ठोठावून विचारायचा, “गाय दूध किती देते?” स्वतःच हसायचा. लग्नपत्रिका तर दुरुस्त करून परत पाठवायचा. आहेर मात्र कधी पाठवला नाही.

आमच्या गल्लीतला ट्रकड्रायव्हर जापारकुल वारला. मरणाला वर्ष झाल्यावर द्यायच्या जेवणाआधी त्याच्या बायकोनं, सोनुनबुबूनं, थडग्यावर दगड बसवला. आमच्या लिपीत ‘ज’ला एक अक्षर पुरतं, रशियनमध्ये दोन लागतात, म्हणून जन्मदाखला लिहिणाऱ्या रशियन कारकुनानं त्याच्या आधी ‘द’ ठोकून दिला होता. दगडावर तो तसाच कोरला होता. कालमातच्या डोळ्यांत तो खुपला. कुणाला न विचारता त्यानं सिमेंट कालवलं आणि ‘द’ बुजवून टाकला.

जेवणाच्या दिवशी आम्ही कब्रस्तानात गेलो. सोनुनबुबू दगडासमोर थबकली.

“हे कुणी केलं?”

“मी केलं, वहिनी,” कालमात ताठ मानेनं म्हणाला. “चूक होती. आता शुद्ध झालं.”

“ते पलटणीत असताना मला पत्रं यायची, त्यावर हेच नाव असायचं. चाळीस वर्षं त्यांनी अशीच सही केली. तुम्ही कोण लागून गेलात?”

“नियम आहे, वहिनी.”

“तुमचा नियम तुमच्या दगडावर कोरून घ्या. हे आधी काढा. तोवर कुणी जेवणार नाही.”

मी त्याच्याकडे पाहिलं. एवढा पंडित, पण मान खाली गेली. गुडघे टेकून तो खिळ्यानं सिमेंट खरवडायला लागला. दीड तास लागला. मटण निवलं, पाहुणे चुळबुळत राहिले. ‘द’ निघाला, पण त्याचा एक कोपरा उडाला. सोनुनबुबूनं त्यावरून बोट फिरवलं आणि घराकडे वळली. कालमात जेवायला आला नाही. कुणी बोलवायलाही गेलं नाही.

हिवाळाभर त्यानं कुणाला टोकलं नाही. मला वाटलं, शहाणा झाला. मार्चमध्ये शाळेवर नवरोजच्या सणाचा फलक लागला, तेव्हा बघतो तर म्हातारा शिडीवर चढलेला, आणि खाली उभ्या मुख्याध्यापिकेला स्वल्पविराम शिकवतोय.