प्री-टेस्टला चुकायचं असतं

हात कधी धुवायचे हे आमच्या नर्सिंग कॉलेजच्या मुलींना ठाऊकच नाही, असं शीतलच्या रिसर्चमध्ये निघालं आणि शीतल खूश झाली.

खूश का, ते सांगते. आमच्याकडे रिसर्च म्हणजे काय, तर मुलींना आधी प्रश्नपत्रिका द्यायची, ती प्री-टेस्ट. मग मॅडमनी तक्ते दाखवून शिकवायचं. मग तीच प्रश्नपत्रिका पुन्हा, ती पोस्ट-टेस्ट. मार्क वाढले की पेपर तयार. मॅडम बदलतात, विषय बदलतो, मुली त्याच. बुलढाण्याच्या उन्हात बाहेर कोण फिरणार?

शीतल नवी लेक्चरर, मेहकरची. युनिव्हर्सिटीची कमिटी यायच्या आत पेपर झाला तरच नोकरी पक्की, असं प्रिन्सिपल मॅडमनी तिला बजावलेलं. मी रिटायर्ड सिस्टर, मुलींना वॉर्डातलं काम शिकवायला ठेवलेली. हात धुवायला यांना मीच शिकवलेलं. पोस्ट-टेस्टला मार्क भरभरून वाढले, पण प्री-टेस्टचे ते मार्क मला पचेनात.

पल्लवी नावाच्या मुलीला गाठलं. "काऊन वं, इंजेक्शनच्या आधी हात धुवा लागते, माहीत नाही तुले?"

"माहीत आहे न मॅडम. पण प्री-टेस्टले चुकवा लागते. सगळं बरोबर लिहिलं तर मंग मार्क वाढतीन कसे?"

"कोनं सांगितलं?"

"सीनियर ताईनं. शीतल मॅडम चांगल्या आहेत, त्याईच्यासाठी जरा जास्तच चुकवलं."

शीतलला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. "काकू, नोकरी जाईन माही." पण पोरगी सरळ. प्रिन्सिपल मॅडमकडे गेली, मीही मागे.

"डेटा खोटा आहे मॅडम. मी हा पेपर देणार नाही. मुली खरंच हात धुतात का, ते वॉर्डात बसून बघते."

"रिझल्ट सिग्निफिकंट आहे ना? मग झालं तर."

सिग्निफिकंट म्हणजे मार्क योगायोगाने वाढलेले नाहीत. तेवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

"मग कमिटीपुढे तुमचं नाव जाणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांची पीएचडी याच पद्धतीची.

कमिटी आली. आलेल्या सरांनी सगळ्यांचे पेपर चाळले, मान डोलावली. मग वर्गात सहज विचारलं, "हात कधी धुवायचे, कोण सांगेल?"

पल्लवी उठली. नम्रपणे म्हणाली, "सर, ही प्री-टेस्ट आहे का पोस्ट-टेस्ट?"

सरांना कळेना. तिने सगळी रीत समजावून सांगितली. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

सरांनी पेपरांची फाइल मिटली. "दुसऱ्या पद्धतीने कोणी काम करतंय का इथे?"

"करतायत ना सर," प्रिन्सिपल मॅडमनी शीतलला दंडाला धरून पुढे केलं. "मीच सुचवलं त्यांना."

शीतलची नोकरी राहिली. आता ती वॉर्डात स्टूल टाकून बसते, कोण हात धुतं ते बघते. परवा पल्लवी हळूच माझ्या कानाशी आली.

"मॅडम, शीतल मॅडमले किती जणींनी हात नाही धुतलेले पाहिजेत?"

म्हटलं, "तू धू वं माय. पेशंटची प्री-टेस्ट नसते."