तेजरामनं मिठू परत आणला

चिखल्याच्या खाणीत पंपावर काम करणारा तेजराम परदेशी निघाला, तेव्हा आमच्या कॉलनीत त्याच्यापेक्षा त्याच्या पोपटाचीच चर्चा जास्त झाली. तिकडे आफ्रिकेत, झांबियातल्या तांब्याच्या खाणीत त्याला काम मिळालं होतं आणि तो सोबत पिंजरा नेणार होता. "बायको भेटली नाही तं पोपट घेऊन चालला," असं भैयाजी चहाच्या टपरीवर म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मला काही हसू आलं नाही. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे तो पोपट कोणाचा होता हे मला पक्कं ठाऊक होतं.

मिठू होता पार्वताबाईचा, तेजरामच्या आईचा. नवरा गेला त्या साली तिनं बाभळीखाली पडलेलं पिल्लू उचलून आणलं आणि भिजवलेली डाळ भरवून जगवलं. तेजराम पाळीवरून घरी आला की ती चुलीपासूनच विचारायची, "तेजराम, जेवला का रे?" आता खाणीतून वर आलेला माणूस जेवून कुठून येणार? पण तिची विचारायची रीतच तशी होती. ऐकून ऐकून मिठू तेच बोलायला लागला, तिच्याच आवाजात, शेवटचा 'रे' तस्सा ओढून. अंगणात उभं राहिलं तर म्हातारी बोलली की मिठू, ते आम्हालाही कळायचं नाही.

निघायच्या आधी तेजराम आईला म्हणाला, "माय, मिठूले मी नेतो. तुहा आवाज तरी राहीन जवळ."

म्हातारीनं पिंजऱ्यातल्या वाटीत भिजवलेली डाळ टाकली. "नेय," ती म्हणाली. "पन परत आणजो."

जनावरांच्या डॉक्टरचा दाखला निघाला आणि पंचाहत्तर साली पोपट बोटीत बसला. म्हातारीच्या घरात बोलणारं आता कोणीच उरलं नव्हतं. तेजरामला हे दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण त्यानं पिंजरा उचललाच. मला तेव्हा त्याचा राग आला होता, अजूनही थोडा आहे.

पुढचं त्यानं स्वतःच मला सांगितलं, परत आल्यावर, मान खाली घालून. सुरुवातीला मिठूनं विचारलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. "जेवलो वो माय," असं तो उत्तर द्यायचा. खोलीतल्या सोबत्यांना कौतुकानं अर्थ सांगायचा. मग दोस्त झाले, प्यायची सवय लागली, घरी खुशाली कळवणं राहून जाऊ लागलं. दमूनभागून खोलीत शिरावं तर पहिला तोच प्रश्न. आईचा विसर पडत चालला होता आणि आई काही गप्प बसत नव्हती. एक दिवस तो पिंजऱ्यावर खेकसला, "चूप बस वो बुढे. डोकं नोको खाऊ."

पोपटाला कोणी 'वो बुढे', अगं म्हातारे, असं म्हणत नाही. आपण कोणावर ओरडलो हे तेजरामला तिथल्या तिथे कळलं होतं. पण जीभ एकदा सैल सुटली की तिला आवर घालणं कठीण. मग रोजचंच झालं. आणि मिठू हुशार. त्यानं प्रश्नामागून उत्तरही उचललं. प्रश्न आईच्या आवाजात, उत्तर तेजरामच्या.

करार संपला तेव्हा पोपट ठेवून घ्यायला तिथला एक सोबती तयार होता. तेजराम मोहात पडला होता. पण आईचा जो काही निरोप यायचा त्यात मागणं एकच असायचं, मिठूले आणजो. पुन्हा दाखले, पुन्हा तपासण्या. बोटीवर तो रोज पिंजऱ्यासमोर मिरच्या घेऊन बसायचा आणि "जयभीम माय, जयभीम माय" असं घोकायचा. मिठूनं मिरच्या खाल्ल्या आणि बोलायचं तेच बोलला. मुंबईत कस्टमच्या साहेबांनी पिंजरा अडवून ठेवला, तेव्हा तो सुटूच नये असं तेजरामला वाटलं. तुमसर रोड स्टेशनला उतरल्यावर त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलंसुद्धा. पण हातावर वाढलेलं पाखरू, कावळ्यांनी टोचून मारलं असतं. त्यानं दार पुन्हा लावलं.

घरी म्हातारीनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि लगेच पिंजऱ्याशी बसली. प्रवासानं भेदरलेला मिठू काही दिवस मुकाच होता. तेजरामचा जीव भांड्यात पडला. विसरला वाटतं, असं तो धरून चालला.

एका दुपारी मी त्यांच्याच ओट्यावर बसलो होतो. तेजराम बाजारातून आला. आतून पार्वताबाईनं विचारलं, "तेजराम, जेवला का रे?"

तो तोंड उघडणार, तेवढ्यात पिंजऱ्यातून त्याचाच आवाज आला. "चूप बस वो बुढे. डोकं नोको खाऊ."

आत भांड्यांचा आवाज थांबला. म्हातारीनं ताट आणून ठेवलं, शेजारी पाण्याचा गडवा ठेवला.

"माय, पोपट हाय तो," तेजराम म्हणाला. "कोनाचं बी शिकते."

"तेथ आपली बोली बोलनारा दुसरा कोन होता रे?" ती म्हणाली. रागानं नाही, सहज विचारल्यासारखं.

त्यानंतर तिनं त्याला कधी जेवणाचं विचारलं नाही. वेळ झाली की ताट वाढायची. तेजरामनं दारू सोडली, खाणीत पुन्हा पंपावर लागला, आईचं दुखलंखुपलं पाहू लागला. तिनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा.

मिठूचं मात्र चालूच होतं. एकदा पाळी संपवून तेजराम उंबऱ्यावर टेकला, तसा मिठू म्हणाला, "तेजराम, जेवला का रे?" पुढचं तो बोलायच्या आत तेजरामनं चुलीकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "नाही जेवलो वो माय."

आतून हळूच आवाज आला. "चूप बस रे मिठू. नोको पुसू त्याले. त्याले तरास होते."