‘द’ आला की धप्प

आमच्या डोक्यावर राहणाऱ्या आपांना जगातलं एकही मूल चंचल वाटत नाही. उलट एखादं लेकरू जास्त वेळ गप्प बसलं तर त्या त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. डोक्यावर म्हणजे बरोब्बर वरच्या फ्लॅटमध्ये. तिथं दुपारी त्यांचा कुराण शिकवायचा वर्ग भरतो, आणि बाकीच्या उस्तादांनी ‘हे काय एका जागी टिकायचं नाय’ म्हणून हात टेकलेली पोरं तिथं दाखल होतात. डॉक्टर त्या दुखण्याला काहीतरी लांबलचक नाव देतात, आपा ‘पायात स्प्रिंगा’ म्हणतात. माझी दुपारची झोप त्या स्प्रिंगांखाली कायमची चिरडली गेली.

आपांची शिकवण्याची तऱ्हाच उफराटी. स्वर लांबवायचा असला की तो संपेपर्यंत पोरानं गॅलरीत चालायचं. थांबायची खूण आली की जागच्या जागी पुतळा. आणि कहर म्हणजे ‘कलकला’! काही अक्षरांवर थांबताना उच्चाराला हलकीशी उसळी द्यावी लागते, तिला हे नाव. ‘द’ त्यातलाच. उसळी द्यायची जिभेनं, पण आपा ती अख्ख्या देहाला देतात. ग्रंथ अदबीनं मिटून उंचावर ठेवायचा, आणि नुसत्या सरावात ‘द’ आला की दोन्ही पायांनी उडी. धप्प! खाली माझा पंखा डुलतो. एकदा छताचा पोपडा थेट माझ्या चहात पडला, तेव्हा मी तणतणत कप घेऊनच वर गेले. आपांनी कपात डोकावून बघितलं. “ताई, आधी पायाला येतं, मग जिभेला,” म्हणाल्या, आणि दुसरा चहा पाजून मला खाली पाठवलं. भांडायचं राहूनच गेलं.

या वर्गातली झोया म्हणजे स्प्रिंगांचा कारखाना. तिचे आजोबा करमाडचे, लई कडक. एक तरी सुरह, म्हणजे कुराणातला अध्याय, नीट बसून ऐकव, नाहीतर तुझा वर्ग बंद, असं त्यांनी बजावलं. रडून रडून पोरीचे डोळे सुजले. तिला पाठ होती ती एकच छोटी सुरह, आणि नेमकी तिची प्रत्येक ओळ ‘द’वर संपते.

आजोबा ऐकायला आले त्या दुपारी मी पंख्याकडे डोळे लावून बसले. वरून झोयाचा आवाज आला आणि पहिल्याच ओळीच्या शेवटी अडकला. उडीशिवाय ‘द’ निघेना. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथंच. गेलं बाई पोरीचं, म्हणून मी पदर तोंडाला लावला, तेवढ्यात धप्प! पंखा असा डुलला की मी पलंगावरून उठले. हे वजन काही पोरीचं नव्हतं. पाठोपाठ झोया एका दमात शेवटपर्यंत गेली.

आजोबा जिन्यात भेटले, डोळे पुसत हसत होते. “पोरगी जागची हालली नाय,” म्हणाले, “उस्तानीच हालली.” झोयाचा वर्ग चालू राहणार होता.

पण जिना चढताना पायरीपायरीला अल्लाला हाक मारणाऱ्या आपांचे ते गुडघे! डॉक्टरांनी पलंगावरून उतरायला बंदी केली. पोरं आठवडाभर आली नाहीत. पंखा सरळ फिरतोय, घरात सामसूम, आणि मला मेली झोपच येईना. शेवटी चहाचा थर्मास घेऊन वर गेले. आपा भिंतीकडे बघत एका जागी पडलेल्या, गप्प. मी थर्मास खाली ठेवला आणि त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.