निळ्या वायरीची गाठ

इथले भुताखेताचे अनुभव मी दुपारी डबा खाताना मोबाईलवर वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. राग नसावा. माझा धंदाच गाड्यांच्या वायरिंगचा. वायरीत करंट असतो नाहीतर नसतो, मधलं काही नसतं. ‘झपाटलेल्या’ गाड्या माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात... एखादीचा हॉर्न आपोआप वाजतो, एखादीचे वायपर उभ्या गाडीत फिरतात. आजपर्यंत प्रत्येकीत शेवटी एकतर पाणी निघालं नाहीतर उंदीर. त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

कर्जतहून खोपोलीकडे निघालात की पळसदरी फाट्याच्या अलीकडे डाव्या हाताला माझी पत्र्याची शेड आहे. ती मुळात दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. मला हा धंदा त्यानेच शिकवला. दादा डावखुरा होता आणि कामात भयंकर किचकट. त्याची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच इलेक्ट्रिशियनकडे पाहिली नाही. काम अर्धवट टाकून जेवायला, बँकेत, कुठेही जायचं झालं की तो त्या वायरीला गाठ मारायचा. दोन वेढ्यांची, चांगली चार बोटं वायर खाणारी. गाठ म्हणजे इथलं काम बाकी आहे. काम पुरं झालं की हाताने गाठ सोडायची, मगच गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात. ती कापायची नाही, सोडायची... यावर त्याचा फार कटाक्ष होता.

आजारपणात दादाचे हात थरथरायला लागले. तरी तो शेडमध्ये येऊन बसायचा आणि मी केलेलं काम उघडून त्यात गाठी मारून ठेवायचा. “नंद्या, परत बघ रं.” काम बरोबर असायचं, उगाच वेळ जायचा. एकदा गिऱ्हाइकासमोर त्याने असं केलं आणि माझं डोकं फिरलं. मी कटर घेतला, गाठ कापून टाकली आणि म्हणालो, “दादा, तुझा जमाना गेला. आता घरी बस.” तो उठला, चप्पल घातली आणि गेला. त्यानंतर तो शेडवर आला नाही. अडीच महिन्यांनी गेलाच. तोवर मी रोज त्याच्याकडे जायचो, औषधं द्यायचो, इकडचं तिकडचं बोलायचो, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. माफी मागायची राहून गेली ती गेलीच.

याला तीन वर्षं झाली. आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट.

जनूकाका आमच्या ओळखीचे. कर्जत आणि आसपासच्या बायका सकाळी मोहोपाड्याच्या कंपनीत नेणं आणि दुपारी शिफ्ट सुटली की आणणं, हा त्यांचा धंदा. ड्रायव्हर सोडून आठ सीटांची जुनी व्हॅन, मागे सीएनजीची टाकी. जाता-येता बायकांना गाणी लागतात म्हणून त्यांनी कुठूनतरी अँप्लिफायर बसवून घेतला होता, मागच्या सीटखाली. भानगड अशी की तो बंदच व्हायचा नाही.

थोडक्यात समजावतो. अँप्लिफायरला एक जाड लाल वायर बॅटरीवरून येते, एक काळी बॉडीला जाते आणि एक बारीक निळी असते. निळीत करंट आला की अँप्लिफायर जागा होतो, गेला की झोपतो. ही निळी खरं तर स्टिरिओने सांभाळायची. पण काकांच्या स्टिरिओला ती सोयच नव्हती, म्हणून कुण्या शहाण्याने निळी थेट लाल वायरीला जोडून दिलेली. अँप्लिफायर चोवीस तास जागा. सुट्टीनंतर सोमवारी बॅटरी उतरायची आणि आठ बायका, खांद्याला पर्स, हातात डबे, काकांची गाडी ढकलायच्या.

“माजी इज्जत गेली रं पार,” काका म्हणाले. “त्या आता मला धक्काकाका म्हंत्यात.”

उपाय सोपा. डॅशबोर्डवर एक साधा ऑन-ऑफ स्विच बसवायचा. चावी फिरवल्यावर करंट येतो अशा पॉइंटवरून वायर घ्यायची, ती स्विचमधून निळ्या वायरीने मागे न्यायची. तासाभराचं काम. काकांना तीनच्या शिफ्टला मोहोपाड्याला पोचायचं होतं, त्यामुळे घाई होती. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली. तिथे लाल वायरीवर फ्यूजचा होल्डर दिसला, वर काळी टेप गुंडाळलेली. फ्यूज आहे, ठीक आहे, असं मनात म्हणालो आणि सीट खाली टाकली. टेप उघडून बघितली नाही. दादा असता तर त्याने उघडली असती.

डॅशबोर्डचं पॅनेल परत बसवून स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ही माझी सवय. नंतर कुणी पॅनेल उघडलं तर ठिपका फुटतो, कळतं.

दुसऱ्या दिवशी अकराला काका हजर. अँप्लिफायर चालूच होत नाही. नेलपॉलिश शाबूत. पॅनेल उघडलं तर निळी वायर स्विचवरून निसटलेली. का निसटली, तर तिच्यात गाठ होती. गाठीने वायर आखूड झाली, ताण आला, टोक सुटलं.

मी हबकलो वगैरे नाही. मला राग आला. “काका, तुम्ही हात लावलात का याला?”

“मी कशाला हात लावू? मला त्यातलं काय कळतंय?”

वाटलं, मीच सवयीने मारली असेल. दादाची गाठ मारणं मी सोडून दोन-तीन वर्षं झाली होती, पण हाताचा काय भरवसा. कटरने गाठीचा तुकडा कापला, भंगाराच्या डब्यात टाकला, नवी वायर ओढली. या वेळी गाठ नाही हे नीट डोळ्यांनी बघितलं. पुन्हा नेलपॉलिश.

तिसऱ्या दिवशी तेच. ठिपके शाबूत, टोक सुटलेलं, वायरीत गाठ. आता मात्र गाठीचा वेढा मी नीट बघितला. उजव्या हाताच्या माणसाची गाठ एका बाजूला पडते, डावखुऱ्याची उलट. ही उलट होती.

हा तुकडाही कापून डब्यात टाकला. नवी वायर टाकली आणि दोन्ही टोकं, स्विचकडचं आणि अँप्लिफायरकडचं, सोल्डर करून पक्की केली. आता हे लक्षात घ्या. दोरीची दोन्ही टोकं खिळ्याला बांधली तर मध्ये अशी गाठ मारता येत नाही. एक टोक सोडावंच लागतं. घरी करून बघा.

चौथ्या दिवशी काका आले ते तक्रार घेऊन नाही. “चालतंय झकास. पन तो स्विच आत का वढल्यागत दिसतोय?”

पॅनेल उघडलं. दोन्ही सोल्डर जशीच्या तशी, मी दिलेली चकाकी अजून त्यांच्यावर. आणि मध्ये गाठ. वायर तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली.

मी तिथेच गाडीच्या पायरीवर बसलो. काकांनी विचारलं, “काय झालं रं? चक्कर आली का?”

“काका,” मी म्हणालो, “काम बाकी आहे.”

“आत्ता तर चालतंय म्हनालो नं मी?”

“ते नाही. गाडी आज मिळणार नाही. शिफ्टला दुसरी गाडी सांगा.”

काका कुरकुरत फोन करायला गेले. मी गाडीतल्या सगळ्या सीट, सगळ्या मॅट काढल्या. ड्रायव्हरच्या सीटखालच्या होल्डरची काळी टेप सोडली. आत फ्यूज नव्हता. जळालेल्या फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची तार पिळून बसवली होती. म्हणजे कितीही करंट गेला तरी तुटणार नाही अशी सोय. मग लाल वायर हाताने चाचपत मागे गेलो. मधल्या सीटच्या पट्टीखाली ती दबली होती, वरचं प्लास्टिक कापलं गेलेलं, आतलं तांबं उघडं. मॅटच्या खालच्या बाजूला हाताच्या पंज्याएवढा काळा डाग, जळका वास येत होता. तिथून वीतभरावर सीएनजीचा पाइप.

काका बघत उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. “आठ जनी असत्यात रं मागं,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत लाल वायर पूर्ण बदलली. बॅटरीपासून वीतभरात नवा फ्यूज, पट्टीखाली वायरीवर जाड नळी. सगळं झाल्यावर निळ्या वायरीचं एक टोक सोडवलं आणि गाठ हाताने सोडली. कापली नाही. पुन्हा सोल्डर मारली, पॅनेल बसवलं. त्या गाडीत परत काही झालं नाही. व्हॅन अजून चालते, बायका आता काकांना काकाच म्हणतात.

भंगाराच्या डब्यातले ते दोन तुकडे घेऊन मी वहिनींकडे, दादाच्या बायकोकडे गेलो. काही न सांगता त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी उजेडात धरून गाठीवरून बोट फिरवलं.

“ह्यांची हाय ही,” त्या म्हणाल्या. “डाव्या हाताची. कुटल्या जुन्या गाडीतनं निघाली, भाऊजी?”

“वायर गेल्या आठवड्यातली आहे, वहिनी.”

मग सगळं सांगितलं. दादाला घरी बस म्हणालो होतो तेही. त्या दिवसाबद्दल मी पहिल्यांदाच कुणाशी बोलत होतो आणि बोलताना रडलो.

वहिनींनी ऐकून घेतलं. “त्यांनी घरी येऊन मला काय सांगितलं नाय कदी,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर रागावलेलं मला दिसलं बी नाय.” मग तुकड्यांकडे बघून विचारलं, “या दोन कापल्या तुमी. आनि तिसरी?”

“सोडली. काम झाल्यावर.”

“मंग झालं की.”

हे कसं झालं ते मला आजही माहीत नाही. उंदीर गाठ मारत नाही आणि पाणीही मारत नाही. कुणाला वायरिंगमधलं काही सुचत असेल तर खाली जरूर लिहा, मी खरंच वाट बघतोय. शेडमध्ये मी आता पुन्हा गाठी मारतो, जेवायला जाताना, आणि आल्यावर सोडतो.

ते दोन तुकडे मात्र गल्ल्यात तसेच आहेत. कधीतरी सोडायला घेतो आणि परत ठेवतो. कापलेल्या गाठीचं काम पुरं झालं असं कधी समजायचं, ते दादाने शिकवलं नव्हतं.